सुटली म्हण

आमच्याकडे पंगतीत 'नको' म्हणायची सोय नसते. पानावर हात आडवा धरला तर वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सरकवतो, आणि तरी ऐकलं नाही तर शेवटचं हत्यार बाहेर काढतो, "माझ्या गळ्याची शपथ!" मग गिळावंच लागतं. जेवणात हे चालून जातं, फार तर पोट बिघडतं. सांगलीच्या वसतिगृहात आम्ही कॉलेजची पोरं हाच आग्रह दारूला लावत होतो.

लढाईचे दिवस होते. रॉकेलला रांगा लागत, साखर दिसत नसे, पण गुळाची दारू हवी तेवढी मिळे. कोणी पास झालं की पार्टी, कोणाचं लग्न ठरलं की पार्टी, आणि नापास झालेल्याचं दुःख हलकं करायलाही पार्टीच.

माझ्या खोलीतला सोबती वडूजचा होता. बाप लहानपणीच गेलेला. आईनं जिरायती तुकड्यावर राबून त्याला कॉलेजात धाडलेलं. आम्ही बाकीची पोरं उठता-बसता शपथा घालायचो आणि पुढच्या क्षणी "सुटली" म्हणून मोकळे व्हायचो. त्याला ते जमत नसे. शपथ मोडली तर जिच्या नावाची ती मरते, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, असं तो मनापासून मानायचा. पोरांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. "तुझ्या आईची शपथ" म्हटलं की तो डोळे मिटून पेला रिकामा करी. सगळे खिदळत. तो बिचारा आईला वाचवत होता.

दिवाळीनंतरच्या पार्टीत त्यानं आईला इतक्या वेळा वाचवलं की त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तो शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला याला इथं आणू नका. उपयोग व्हायचा नाही."

आमचे रेक्टर खादीधारी, सज्जन आणि उतावळे. त्यांनी ठरवलं, आता मुळावरच घाव घालायचा. सगळ्यांना देवासमोर उभं केलं, प्रत्येकाच्या हातात बेल आणि भंडारा दिला आणि म्हणायला लावलं, "दारूला शिवलो तर आईचं मेलेलं तोंड बघेन." आम्ही म्हटलं आणि बाहेर येऊन पिवळे हात लेंग्याला पुसले. सोबत्यानं मात्र तो हात धुतलाच नाही. जेवायला बसला तेव्हाही मूठ मिटलेली होती. मला तेव्हाच भीती वाटली. पोरांना सुधारायला निघालेल्या त्या भल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं होतं, की आगीत तेल ओतताय तुम्ही.

मग हुरड्याचे दिवस आले. आमच्यातल्या एका बागायतदाराच्या मुलाचं शेत कृष्णेच्या काठाला होतं. भर दुपारी आगटीभोवती बसलो. गरम कणसं चोळली जात होती, लसणाची चटणी फिरत होती, आणि मडक्याच्या तोंडावरचं फडकं निघायचं तेव्हा निघालंच. भंडाऱ्याची शपथ कोणाला आठवत नव्हती. बागायतदाराच्या मुलानं सोबत्यापुढे पेला धरला.

"नगं गड्या," तो म्हणाला. "शपथ हाय."

"मग ही घे दुसरी. तुझ्या आईची शपथ, एवढा एकच!"

सगळे हसले. सोबत्यानं पेला हातात घेतला आणि नुसता बघत राहिला. प्यावं तर आई मरते, न प्यावं तर आई मरते. त्यानं पेला अलगद जमिनीवर ठेवला आणि उठून नदीच्या बाजूला चालू लागला. लघवीला गेला असेल, असं कोणीतरी म्हणालं.

तो परतला नाही. डोहाच्या कडेला त्याच्या चपला सापडल्या.

पोरांची नशा खाडकन उतरली. नावाड्यानं डोहात बांबू घालून पाहिलं, हाती काही लागलं नाही. मी एकदा त्याच्या घरी राहून आलो होतो, म्हणून आईला कळवायचं माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवस शोधाशोध करून तिसऱ्या दिवशी निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढ आला की धापा टाकून थांबायची, आणि मला वाटायचं, थांबू दे, इथंच थांबू दे. त्या माउलीला काय सांगायचं ते काही केल्या जुळत नव्हतं.

अंगणात पाऊल टाकलं तर हा भिंतीला टेकून बसलेला. पाय सुजलेले, तळव्यांना फोड. कुठं चालत, कुठं बैलगाडीनं, अनवाणी घरी आला होता. मी आधी त्याच्या मुस्काटात मारली आणि मग रडलो.

आई घाबरून बाहेर आली. "आल्यापास्नं बोलंना झालाय. काय झालं रं?"

मी सगळं सांगितलं. तेव्हा कुठं तो तोंड उघडून म्हणाला, "आई, सुटली म्हण."

"कुठली रं? प्यायची का न प्यायची?"

"दोनी म्हण."

ती हसायला लागली. "माजा जीव काय तुमच्या पेल्यात हाय व्हय? गोष्टीतला राक्षस हाय का मी, जीव पोपटात ठिवायला? उठा, आदी भाकरी खावा." आणि ती चुलीकडे गेली.

तो माझ्याबरोबर सांगलीला परतला. बागायतदाराच्या मुलानं त्याचे पाय धरले, आणि पोरांनीच ठरवलं, की पेल्यावर शपथ घालायची नाही. दारू बंद झाली नाही, पण पुष्कळ कमी झाली. मागून कोणी ढकलत नसलं की स्वतःहून पुढे जाणारे थोडेच असतात. रेक्टरांना वाटलं, भंडाऱ्याचा गुण आला.

उन्हाळ्यात त्याची आई तापानं गेली. मी सांत्वनाला गेलो तेव्हा तो त्याच भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"ती सुटली म्हनली हुती न्हवं? दोनी? तू हुतास की तितं."

ती हसली होती, पोपटाचं बोलली होती, भाकरी वाढली होती. 'सुटली' हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

"म्हणाली होती," मी म्हटलं. "दोन्ही."

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. भेटलो की तो अजून विचारतो, आणि मी अजून तेच सांगतो.