वसंतरावांचा नाणेवाला पियानो

जुन्या वस्तू जमवणाऱ्याच्या घरात वस्तूंपेक्षा किस्से जास्त साठतात. किश्श्यांना जागा लागत नाही, म्हणून घरच्यांची हरकतही नसते. आमच्या वसंतरावांकडे वस्तू एकच आहे, नाणं टाकलं की आपोआप वाजणारा पियानो. आत छिद्रं पाडलेला लांबलचक कागद फिरतो, विजेवर चालणारा भाता हवा ओढतो आणि ज्या छिद्रातून हवा जाईल तो सूर वाजतो. मी त्यांचा शेजारी. जुळे सोलापुरात त्यांच्या हॉलमध्ये पियानो आहे आणि त्यांचं डायनिंग टेबल माझ्या हॉलमध्ये.

*

पियानो सापडला दुधनीच्या एका आडत्याच्या गोदामात. त्याच्या आजोबांनी मुंबईत कुठल्याशा लिलावात घेतलेला. वर मिरचीची पोती रचलेली.

"हा असा ठेवतात का हो?" वसंतरावांनी कळवळून विचारलं.

"मग कसा ठेवायचा?" आडत्या म्हणाला. "पोती खाली ठेवली तर ओल लागती की."

*

टेम्पोतून उतरवून वर घरात चढवायला हमाल ठरवले. मुकादमानं फोनवर विचारलं, "पियानो म्हंजे किती पोती?"

"एकच नग आहे," वसंतराव म्हणाले.

एकच माणूस आला. त्यानं पियानोकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि चहा मागितला. चहा पिऊन तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सहा जण आले.

*

पहिल्यांदा नाणं टाकलं तेव्हा सूर एकही निघाला नाही. कागद उंदरांनी कुरतडला होता. भाता मात्र ठणठणीत होता. त्यानं पोटातली इतक्या वर्षांची मिरची एका दमात बाहेर सोडली. वरच्या मजल्यापर्यंत बिल्डिंग शिंकत होती. वसंतरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"भाता चालू आहे," ते म्हणाले. इतका सुखी माणूस मी पाहिलेला नाही.

*

या पियानोला जुनं, जाड नाणंच चालतं आणि तसं नाणं एकच आहे. ते पियानोसमोर ताटलीत असतं. वसंतरावांचे पंढरपूरचे मेहुणे पौरोहित्य करतात. ते आले, ताटली पाहिली, दोन मंत्र म्हणाले आणि नाणं कनवटीला लावून गेले. वसंतराव पुढच्या एसटीनं त्यांच्या मागे. मेहुण्यांनी नाणं परत केलं, पण विचारलं, "दाजी, पूजा कशाची होती तेवढं तरी सांगा."

*

शेवटी वसंतरावांच्या बायकोनं, शकूवहिनींनी मुदत दिली. रविवारपर्यंत वाजला तर राहील, नाहीतर भंगारात. भंगारवाल्याला त्यांनी स्वतः फोन केला. वसंतरावांचं अन्न तुटलं. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी अंबादासना घेऊन आलो. अंबादास चादरीच्या मागासाठी जेकार्डची कार्डं पंच करतात. पुठ्ठ्याला जशी छिद्रं, तशी चादरीवर नक्षी. त्यांनी कुरतडलेला कागद उजेडात धरला.

"डिझाइन अर्धंच ऱ्हायलंय. बाकीचं मी बसवतो की."

रविवारी भंगारवाला दारात उभा असतानाच नवा कागद चढला. वसंतरावांनी नाणं टाकलं आणि पियानो वाजला. डावीकडं जे वाजे, तेच उलटं होऊन उजवीकडं वाजे.

"दोन्ही बाजूला बॉर्डर घेतली," अंबादास म्हणाले.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, पियानो थांबेना. थांबायच्या खुणेचं छिद्र अंबादासनी पाडलंच नव्हतं. उलट मागावरच्या कार्डांसारखी कागदाची दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकली होती.

"चादर आपणहून कुटं संपती?" ते म्हणाले. "कापावी लागती."

भंगारवाला कंटाळला. "चालू मशीन नै उठाते भाबी. बंद हुई तो फोन करो," म्हणाला आणि गेला.

वहिनी उठून स्विचकडे निघाल्या. वसंतरावांचा चेहरा उतरला. अंबादास घाईनं मध्ये आले.

"मधीच थांबवू नका वहिनी. एवढी एक चादर हू द्या."

वहिनी बटणावर बोट ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. अंबादास मान हलवत मोजत होते.

"झाली," ते म्हणाले.

वहिनींनी बटण बंद केलं.

"ही सिंगलची झाली," त्या अंबादासना म्हणाल्या. "डबलची कधी देता?"