न फाटलेल्या कोपराचे ठिगळ

जपानमधल्या जुन्या कष्टकऱ्यांच्या निळ्या कपड्यांची मी मनापासून चाहती आहे. कापड विरले की तेवढ्याच जागी ठिगळ लावायचे आणि पांढऱ्या धावदोऱ्याने ते बळकट करायचे. कारणाशिवाय एकही टाका नाही, ही शिस्त माझ्यासारख्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला पटली.

आमच्या हिंदीभाषक शहरात, विजय नगरमधल्या एका बुटिकात या शिस्तीची विटंबना पाहिली. कोऱ्या कापडाला ब्लेडने चिरा पाडून, ते चहाच्या पाण्यात बुचकळून 'जपानी जॅकेटे' तयार होत होती. त्या ब्लेडची मला किळस आली.

"दीदी, गरीबी किसी को नहीं चाहिए, गरीबी का लुक सबको चाहिए," मालकीण हसत म्हणाली.

अस्सल जॅकेट मी आणून दाखवते, असे मी सुनावले.

"ले आइए! शोकेस में आपके नाम से लगाऊँगी."

नाव लागलेले मला हवेच होते. प्रयोगशाळेबाहेर ते प्रथमच कुणी वाचणार होते.

बाबा संरक्षण कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. निवृत्तीनंतर पेटीत पडलेल्या त्यांच्या दोन डांगऱ्या, म्हणजे कामावरचे निळे सलग पोशाख, मी मागून घेतल्या आणि तीन आठवडे खपून जॅकेट शिवले. दोन्ही कोपरांवर मापून, अगदी सारखी ठिगळे लावली. बुटिकात नेण्याच्या सकाळी ते बाबांपुढे धरले.

त्यांनी बाही उलटून पाहिली. "कोपराले काहून ठिगळ लावलं? तिथं तं कापड कधी घासलंच नाही."

"मग कुठे घासलं?"

"कमरेले. दिवसभर मशीनीले टेकून उभा राहत होतो ना मी. तिथचं कापड कुठं गेलं?"

"तेलकट होतं. विरलंही होतं. कापून टाकलं."

"अच्छा," म्हणत बाबांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

त्या ब्लेडची आलेली किळस आता माझ्या स्वतःच्या हातांपर्यंत पोहोचली. पुरावा फेकून मी निष्कर्ष सजवला होता. प्रयोगशाळेत असे करणाऱ्याचे मी तोंडही पाहिले नसते.

मालकिणीला फोन करून जॅकेट देणार नसल्याचे सांगितले.

"क्यों, खराब हो गया?"

"नकली है."

"अरे दीदी, तो शरमाना कैसा? हमारे यहाँ तो..."

मी फोन ठेवला आणि कोपरांवरचे टाके उसवायला बसले. ठिगळांखालचे कापड गडद निळे आणि धडधाकट होते. त्याला फक्त माझ्या सुईने भोके पडली होती.