परक्या हातची पूजा

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या बसथांब्यावर उभा होतो. सकाळची पूजा करता करता तो देवासमोरच कोसळला. निरांजन जळतच होतं, असं शेजारी सांगत होते. 'पुण्यवान माणूस, देवाच्या पायाशी गेला,' असं जो तो म्हणत होता आणि मला संताप येत होता. कंपनीत आम्ही जन्मभर शेजारशेजारच्या मशीनवर काम केलं. पाळी सुरू करताना तो मशीनला हात लावून नमस्कार करायचा आणि मी त्याची टर उडवायचो. वणीच्या देवीला जाऊन आला की पेढा आधी माझ्याच हातावर ठेवायचा. म्हणायचा, "घे, नास्तिकाला पेढा चालतो."

त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, मला बाजूला बोलावलं. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं, पूजा बाहेरच्या माणसाने करायची. "भाऊजी, तुम्ही कराल?" मला नाही म्हणवेना. रोज सकाळी जाऊन मी देवांचे चांदीचे टाक पुसायचो, फूल वाहायचो, तोंडातून अक्षर न काढता. वहिनी दाराशी पाठमोऱ्या बसलेल्या असायच्या. सुतक फिटलं तसं मी म्हणालो, "वहिनी, आता तुमचे देव तुम्ही सांभाळा." त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पडले तेव्हा देव समोरच होते ना, भाऊजी? बघत बसले..."

इतकी वर्षं मी प्रभाकरला हेच तर सांगत होतो. पण त्यांच्या तोंडून ते मला ऐकवेना. माझा नास्तिकपणा चहाच्या वेळच्या वादापुरता. त्यांच्या आवाजात वाद नव्हताच, काहीच नव्हतं. याला आता काही आठवडे झाले, पूजा अजून मीच करतो. घरातले पडदे सरकत नाहीत. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी पडून असते. मुलगी बंगळुरूला न्यायला आली होती, तिला त्यांनी एकटीलाच परत पाठवलं. आणि परवा देव फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवले. "घेऊन जा. रोजचा हेलपाटा नको तुम्हाला."

मी गाठोडं सोडलं, देव पुन्हा जागेवर मांडले आणि चक्क खोटं बोललो, "यांचं घर बदललेलं चालत नाही, वहिनी. प्रभाकरच म्हणायचा." देव उचलून आणले, तर दुसऱ्या दिवशी ते दार माझ्यासाठी कशाला उघडेल? म्हणून जातो. बेल वाजवतो. आतून पावलांचा आवाज यायला हल्ली फार वेळ लागतो... तेवढा वेळ मी हात जोडून उभा असतो आणि 'उघडू दे, उघडू दे' म्हणत असतो. कोणाला म्हणतो, ते मला विचारू नका.