सरांच्या आईची गाणी आणि आमचा टीव्ही

"इग्नेस सर का... उत्तन जाएगा... हमेशा के लिए!"

आता तुमच्यापासून काय लपवू? माझ्या फजितीची सुरुवात या वाक्यापासून झाली. आमचा वॉचमन इस्त्रीवाल्याला सांगत होता आणि नेमका तेव्हाच पाण्याचा पंप सुरू झाला. मधले शब्द पंपाने गिळले. उरलेले मी घरी घेऊन आलो.

"सुलभा, सर फ्लॅट विकून उत्तनला चाललेत. कायमचे!"

"कोण म्हणालं?"

"वॉचमन म्हणाला. म्हणजे... जवळजवळ म्हणालाच."

"अहो, मग सरांनाच जाऊन विचारा ना!"

असं सरळ विचारायचं असतं का कुठे? इग्नेस सर समोरच्याच दारात राहतात. निवृत्त शिक्षक, मूळचे उत्तन गावचे. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन दारात आले ते सर. तेव्हापासून संध्याकाळचा चहा आमचा एकत्र. आणि हा माणूस मला न सांगता निघाला? खरं सांगतो, आत कुठेतरी टोचलं.

चहाचा कप घेऊन गेलो. सर त्यांच्या जुन्या लॅपटॉपसमोर. हा लॅपटॉप इतका रडतखडत चालायचा, की शेवटी सरांनी त्यात लिनक्स घातलं. ते काय असतं मला विचारू नका. मी दहावी पास, काशीमिऱ्याला गॅरेजमध्ये स्पेअर पार्ट देतो. माझ्या मते लॅपटॉपचं इंजिन बदललं होतं, बस.

"बस दिलीप. आईची गाणी पेनड्राइव्हवर हलवतोय. पुतणीचं लग्न आहे, तिथं वाजवायचीत. कॅसेट कधीच खराब झाली, आता हेच काय ते. कॉपी नाही हं, इथून उचलून थेट तिकडे. मी खालून बोंबील घेऊन येतो, तू लक्ष ठेव."

मला लक्ष ठेवायला सांगितलं! मला! म्हणजे मांजराला दुधाशेजारी बसवलं.

पडद्यावरची पट्टी भरत गेली आणि नाहीशी झाली. झालं काम! पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा. लॅपटॉप रिकामा कशाला करताहेत? गाणी खरंच आहेत, की दलालाला द्यायला फ्लॅटचे फोटो? आमच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. दोन पावलांवर घर. बघून परत लावायला कितीसा वेळ लागणार?

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, नाही म्हणत नाही. पण आमच्या देव्हाऱ्यातली माळही लुकलुकते. उपटला!

टीव्ही म्हणाला, यात काही नाही.

"अहो, कुणाचा आहे तो?" सुलभाने विचारलं.

"गॅरेजचा," मी म्हणालो आणि पळत परत आलो.

लॅपटॉपला लावला तर तोही ओळख दाखवेना. इंग्रजीत एक लांबलचक वाक्य फेकून गप्प. दुसऱ्या भोकात घातला. उलटा घातला, तो जाईना. फुंकर मारली. बनियनला पुसला. शेवटी गॅरेजमध्ये करतो तसा टेबलावर हलकेच आपटला. आपटताना सर दारात.

मी सगळं सांगून टाकलं. टीव्हीसकट. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोंबलांची पिशवी तशीच लॅपटॉपशेजारी ठेवली आणि बसले. आईचा आवाज होता हो तो! लग्नाआधी त्यांच्याकडे बायका विधीचं पाणी आणायला निघतात, तेव्हाची गाणी. आई गेल्यावर या माणसाकडे तिचं तेवढंच उरलं होतं आणि मी ते उपटून टीव्हीत खुपसलं होतं.

सरांनी लॅपटॉपवर एक काळा पडदा उघडला, काहीतरी टाइप केलं. पांढरी अक्षरं सरसर धावायला लागली.

"पट्टी भरली म्हणजे लिहून झालं असं नसतं दिलीप," सर पडद्याकडे बघतच म्हणाले. "हा लॅपटॉप आधी सगळं मनात धरतो आणि मग सावकाश उतरवतो. 'इजेक्ट' म्हटलं की उरलेलं उतरवून घेतो, मगच सोडतो."

"म्हणजे माझ्या अगदी उलट. माझ्या मनात काही राहतच नाही."

सर हसले नाहीत.

पेनड्राइव्ह दुरुस्त झाला. एकेक गाणं परत आलं. घरात म्हातारीचा बारीक, गोड आवाज भरला. शेवटचं गाणं मात्र मध्येच तुटलं. तेवढंच उतरायचं राहिलं होतं आणि मी हात घातला होता.

मग सर हळूच म्हणाले, "पुढचं मला येतं. मोबाइल काढ."

मी रेकॉर्डिंग चालू केलं. डोळे मिटून, घोगऱ्या आवाजात सरांनी आईचं गाणं जिथे तुटलं होतं तिथून उचललं आणि शेवटाला नेलं. माझ्या डोळ्यांत पाणी. अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण आतला किडा!

"सर, मग फ्लॅटचं काय?"

"कसला फ्लॅट?"

"तुम्ही उत्तनला कायमचे चाललात ना?"

"मी न्हाय रे बाबा! लॅपटॉप चाललाय कायमचा. भावाच्या नातवाला देतोय. मी लग्न उरकून परत!"

म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती हं! उत्तनला कायमचं कोणीतरी चाललं होतंच.

नंतर पाहिलं, तर रेकॉर्डिंग चालूच होतं. मी म्हटलं, "सर, माझं कापा." सर म्हणाले, "राहू दे एवढं, पुढचं कापून गाण्याला जोडतो. आई असती तर तिनंही हेच विचारलं असतं."

लग्नात गाणं लागलं. आधी आई, मग सर, मग भोंग्यावरून माझा आवाज: 'सर, मग फ्लॅटचं काय?' मांडव हसून लोळला. बायकांना वाटलं, हेही गाण्यातलंच. पुन्हा गाणं लावलं तेव्हा सगळ्या सुरात म्हणायला लागल्या, मीही त्यांच्यात. माझी ओळ आली तसा लाजून थांबलो, तर शेजारच्या आजीने कोपराने ढोसलं.

"थांबलास का रं? तुजाच हाय न्हवं पुढं?"

अख्खा मांडव माझ्याकडे बघत होता. काय करणार? उठलो, आणि सगळ्यांसमोर सरांना विचारलं, फ्लॅटचं काय. आणि सांगतो तुम्हाला, अगदी चालीत विचारलं.