कोऱ्या प्लेटची भूल

लवंगबाई हे तिचे खरे नाव नव्हे. ते तिला वासाने मिळाले. अन्नसुरक्षेच्या प्रयोगशाळेत लवंगेच्या तेलाशी वर्षानुवर्षे झुंजल्यावर केसांना तोच वास, ओढणीला तोच वास, डब्याच्या पिशवीलाही तोच. नवरा म्हणे, "तू दार उघडलंस की माझी दाढ दुखायची थांबते." हसणारे हसत. तिला मात्र त्या तेलाने पुरते दमवले होते.

कारण तेल मोठे हट्टी! जंतूंचा काळ खरा. पण पाण्यात मिसळेना, हवेत उडून जाई, आणि पुरेसे घालावे तर फळाला फळाची चव उरेना. म्हणून तिने त्याला घर बांधून दिले. मक्याच्या प्रथिनाचे नॅनोकण, इतके बारीक की एका केसाच्या रुंदीवर शेकडो मावावेत, आणि प्रत्येकाच्या पोटात तेलाचा अंश. कणाने कापलेल्या फोडीला चिकटावे, तेल हळूहळू सोडावे, जंतू मरावा आणि जिभेला पत्ताही लागू नये. केवढी साधी इच्छा, आणि केवढा छळ! कधी कण गोळा होऊन तळाशी बसत, कधी तेल आधीच गळून जाई. ती पुन्हा ढवळी, पुन्हा गाळी, पुन्हा देवाला हाक मारी.

ही धडपड कोणासाठी? तिची धाकटी नणंद रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. मागे कापलेल्या खरबुजातून वॉर्डात जुलाबाची साथ पसरली, तेव्हापासून तिथे कापलेले फळ बंद झाले. ज्यांना दात नाहीत, ज्यांच्या हाताला सलाईन आहे, ज्यांना सोलता येत नाही, त्या सगळ्यांच्या वाट्याला उकडलेल्या फळाचा लगदा.

"वहिनी, तुझे ते बारके कण कधी देतेस गं?" नणंद फोनवर विचारी. "लगद्याची वाटी ठेवली की म्हातारी माणसं माझ्याकडे अशी बघतात, जसा काही मीच चावून दिलाय!"

"देते गं बाई. थोडा धीर धर."

"धीर धरून धरून माझेच दात पडतील आता. मग मलाही तोच लगदा."

आणि अखेर एके दिवशी प्लेट कोरी आली. तपासणी अशी असते: खरबुजाच्या फोडींवर जंतू मुद्दाम सोडायचे, फोडी कणांच्या पाण्यात बुडवायच्या, मग कुस्करून त्यांचा रस जंतूंचे खाद्य ओतलेल्या प्लेटवर पसरायचा. जंतू जिवंत असले तर दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. दाट रस पहिल्या प्लेटवर, पाणी घालून पातळ केलेला दुसऱ्या, आणखी पातळ तिसऱ्या. पण तिथली रीत अशी, की पहिली प्लेट कोरी निघाली तर पुढच्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. दाट रसात जे नाही, ते पातळात कुठून येणार? कोरी, पुन्हा कोरी, पुन्हा कोरी! प्रयोगशाळेचे साहेब खूश, नणंद खूश. सोमवारी वॉर्डात खरबूज वाटायचे ठरले.

त्याआधीच्या गुरुवारी ती वापरलेल्या प्लेटा टाकून देण्यासाठी पिशवीत भरत होती. एक प्लेट हातून निसटून उलटी पडली. उचलून पाहते, तो तिसरी प्लेट, सर्वांत पातळ रसाची, आणि तिच्यावर ठिपकेच ठिपके. दुसरी काढली, तिच्यावरही थोडे. पहिली मात्र निर्मळ, कोरी.

तिच्या लक्षात आले. फोडीवरचे सगळे जंतू मेलेच नव्हते! रसाबरोबर कणही प्लेटवर गेले होते आणि तिथे निवांत तेल सोडत बसले होते. जंतू अडले ते प्लेटवर, खरबुजावर नव्हे. पाण्याने कण विरळ झाले, तिथे जंतूंनी डोके वर काढले. हळूहळू सोड, असे तिनेच कणाला शिकवले होते, आणि तो शहाणा नको तिथे आज्ञाधारक निघाला! तिला तो सारा ढीग भिंतीवर आपटावासा वाटला.

तिने प्लेटा समोर ठेवल्या तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, इतक्या प्लेटा कोऱ्या आल्या, त्या काय खोट्या?"

"प्लेटा खऱ्या आहेत सर. आपण त्यांचा अर्थ चुकीचा लावला."

"तुम्हाला ना, सुखाने बसवत नाही. सोमवार होऊ द्या, मग तपासा काय ते."

"आणि सोमवारी खरबूज खाणाऱ्याला काय सांगू सर? तुम्ही खा, मी मंगळवारी बघते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उद्या सकाळपर्यंत दाखवा," एवढेच म्हणाले.

तिने पुन्हा फोडी कापल्या. या वेळी, फोडी कुस्करताच, रसात तेलाला धरून ठेवणारे लेसिथिन मिसळले, म्हणजे कणांची करामत प्लेटवर चालायला नको. झाकण लावताना हात जोडून म्हणाली, "देवा, मला खोटी पाड." देवाने ऐकले नाही. सकाळी पहिलीच प्लेट ठिपक्यांनी गच्च भरली होती. जंतू कमी झाले होते, नाही असे नाही. पण ते फळ आजारी माणसाच्या तोंडात घालावे इतके नाही. साहेबांनी प्लेट पाहिली आणि सोमवारचा बेत रद्द केला.

नणंदेला फोनवर सांगायचा धीर तिला झाला नाही. ती स्वतः गेली. स्वयंपाकघरात फळे कापायच्या नव्या फळ्या नि सुऱ्या निघाल्या होत्या, झाकणाचे डबे धुऊन पालथे घातले होते. वहिनीचा चेहरा पाहताच नणंद म्हणाली, "बोलू नकोस. कळलं."

"अगं, ऐक तरी..."

"काय ऐकू? मी वॉर्डात सांगून बसले ना! त्या कोपऱ्यातल्या आजी रोज विचारतात, सोमवार कधी येतो म्हणून. त्यांना तू सांग जा."

"सांगते."

ती गेली, सांगून आली. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवले होते.

परत येते तो नणंद डबे कपाटात रचत होती, आदळआपट करीत. लवंगबाईने ओढणी खोचली आणि एकेक डबा पुसून तिच्या हाती देऊ लागली.

"परत काढायला लावशील ना हे?" नणंद शेवटी म्हणाली.

"लावीन. कधी, ते विचारू नकोस."

"नाही विचारत," असे म्हणून नणंदेने कपाटाचे दार इतक्या जोरात लावले, की आतले डबे घसरून पडले, आणि दोघींना ते पुन्हा रचावे लागले.