पेटीमास्तरांचा फोटो

मूर्तिजापूरच्या शेषराव मास्तरांनी पन्नास वर्षं पेटी वाजवली, पण टाळ्या नेहमी गाणाऱ्याला. पेटीवाला आपला मागे, भाता ओढत. मात्र कुणी वारलं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, की लोक आधी मास्तरांना बोलावत. मास्तर गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून विचारत, "काय आयकता?" आणि बोटं जातील ते गाणं वाजवत. मग घरच्यांकडे वळून म्हणत, "हेच न?" घरचे रडत रडत हो म्हणत. पन्नास वर्षांत एकदाही चूक नाही.

त्यांच्या बायकोला, ललिताबाईंना, या प्रकाराची भारी धास्ती. त्या असल्या कार्यक्रमाला कधी फिरकल्या नाहीत.

यंदा अकोल्याच्या एका समितीनं सत्कार ठरवला. पत्र ललिताबाईंच्या नावानं आलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ऐंशीव्या वर्षी आलेल्या मानापुढे एवढं कोण बघतो! म्हातारा-म्हातारी भर दुपारी सभागृहात शिरले आणि मंचावर मास्तरांचा फोटो दिसला. हार घातलेला. पुढे मेणबत्ती.

समितीचा सचिव पिंटू घामाघूम झाला. वारले होते चांदूर रेल्वेचे दुसरेच शेषराव, आणि समितीनं बातमी ऐकून यांनाच गेलेलं धरलं होतं. आपल्याकडे जिवंतपणी कुणी विचारत नाही, मेल्यावर हार घालतात. या शहाण्यांनी मरायचीही वाट पाहिली नव्हती.

पिंटू फोटो उचलायला धावला. "राहू दे," मास्तर म्हणाले आणि सवयीनं मंचावरच्या पेटीपाशी जाऊन बसले, फोटोकडे तोंड करून.

ललिताबाई खालून ओरडल्या, "अवो, नका इचारू!"

मास्तरांनी विचारलं, "काय आयकता?"

जिवंत माणसाचा फोटो काय सांगणार, बोटं हलायचीच नाहीत, असं ललिताबाईंनी मनाला बजावलं. बोटं हलली. आणि निघाली ती ओवी, जी ललिताबाई कापूस वेचताना एकट्याच गुणगुणत. मास्तरांसमोर त्यांनी ती एकदाही म्हटली नव्हती. यांनी ऐकली तरी कधी? त्यांचे डोळे भरले आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. आजवर उत्तर फक्त गेलेल्यांनीच दिलं होतं.

ओवी संपली. मास्तर वळले. "अवं, हेच न?"

साऱ्यांच्या नजरा ललिताबाईंकडे लागल्या. त्या उठल्या, मंचावर गेल्या आणि मेणबत्ती विझवली.

"नाई," त्या म्हणाल्या. "चुकलं तुमचं. चाला घरी."