मुर्ध्याची मुलाखत

जुन्या व्हिडिओ कॅसेटचा कुबट वास आला आणि मला मुर्धा गाव आठवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्हा शिकाऊ टीव्ही वार्ताहरांना लोकसंख्येवर बातमी करायला तिथे नेलं होतं. आमच्या प्रशिक्षण वर्गाच्या सरांनी लिहून दिलेला प्रश्न मी मासळी सुकवणाऱ्या एका बाईंना विचारला, "इतकी मुलं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पाच झाली, त्यातली दोन तापानं गेली. दवाखाना किती लांब हाय, ते पन इचार ना!"

मग मी गावात सगळ्यांना दवाखान्याचंच विचारत राहिले.

वर्गात ती कॅसेट पाहून सर म्हणाले, "हे विषयाबाहेरचं आहे. कापून टाक."

"नाही कापणार, सर. कापायचाच तर तुमचा प्रश्न कापते."

मला प्रमाणपत्र मिळालं नाही. तेव्हा वाटलं, फार उद्धटपणा केला. आज वाटतं, आणखी मोठ्यानं बोलायला हवं होतं.